बाटलीत वाढलं ते

इस्पितळाच्या तळमजल्यावर तिला सगळे पेशीमावशी म्हणत. रोग्याच्या अंगातून काढलेल्या पेशी बाटलीत जगवायच्या, हे तिचं काम. त्या जगून वाढल्या, तरच त्यांच्यात एखादा विषाणू दडलाय का हे शोधता येतं. पण त्वचेच्या लिम्फोमाच्या, म्हणजे एका कर्करोगाच्या, पेशी मोठ्या हट्टी. माणसाच्या अंगात फोफावतात आणि बाटलीत घातल्या की माना टाकतात. वर्षानुवर्षं मावशीने त्यांना खाऊपिऊ घातलं, ऊब दिली आणि शेवटी फेकून दिलं. घरी नवरा म्हणायचा, हिच्या हातून कुंडीतलं रोपटं जगत नाही, आणि पगार मात्र जगवण्याचा घेते. पूर्वी ती यावर भांडायची. आता दमली होती.

त्यातच हाच रोग झालेल्या शिंपीकाकांच्या पाठीवरच्या चट्ट्याचा तुकडा आला. या रोगामागे विषाणू असू शकतो असं काकांनी कुठंतरी ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला. हा रोग शिवाशिवीने पसरत नाही, हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. काका दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर झोपू लागले. बायकोला आपल्या कपड्यांना हात लावू देईनात. मावशीच्या बाटलीतून काय निघतं ते बघू, एवढंच म्हणत. म्हणून काकू दर तपासणीला खाली येऊन विचारायच्या आणि मावशी नकारार्थी मान हलवायची.

एका सकाळी मावशीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर पेशींचे चक्क झुबके. ती तशीच दारात आली. बाहेर बाकावर काकू वाट बघत होत्या.

"काकू, वाढलं हो. चांगलंच वाढलंय."

उठू लागलेल्या काकू बाकावर परत बसल्या. चेहरा पांढराफटक. "किती दिवस आहेत त्यांच्याकडे?"

मावशीने जीभ चावली. आपण ज्याच्या वाढीसाठी जीव टाकतो, ते वाढू नये म्हणून ही बाई देव पाण्यात घालून बसलीय, हे आपल्याला सुचू नये? तिला स्वतःची लाज वाटली. शेजारी बसून तिने समजावलं, वाढलं ते बाटलीतलं, अंगातलं नव्हे.

पुढच्या तपासणीला दोघं आली. काका बाकाच्या पार टोकाला बसले.

"काही सापडलं नाही," मावशी म्हणाली. "म्हणून विषाणू नाहीच, असं मी म्हणणार नाही. अजून शोधतोय."

"म्हणजे थांबायला हवं," काका म्हणाले.

"तुम्ही थांबा. मी थांबून थांबून दमले," काकू म्हणाल्या आणि सरकत त्यांना खेटून बसल्या. "आजपासून मी दुकानात झोपणार. टेबल दोघांना पुरतंय का, तेवढं मोजून ठेवा."

काकूंनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला, तो त्यांनी काढून घेतला नाही.

मावशी आत गेली. बाटलीतल्यांना वाढायची वेळ झाली होती.