सावलीतली खिंड

मी अंटार्क्टिकाला कधीही गेलेलो नाही. तरी अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात दर दिवाळीला नवीन आलेल्यांना सांगतात, "हे काका. बर्फातलं शिखर यांनी शोधलं." यंदा तर शाल, श्रीफळ आणि पडद्यावर शिखराचा फोटो.

मी नकाशे करणाऱ्या कंपनीत होतो. विमानातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून भिंगांच्या यंत्रातून पाहिले, की डोंगर कागदातून वर उठतो. त्यासाठी दोन्ही डोळे धड लागतात. माझा डावा डोळा लहानपणापासून अधू. नोकरी जाईल म्हणून मी ते लपवलं. फोटोंच्या जादा प्रती आणि जुनं यंत्र घरी आणून जेवणाच्या टेबलावर बायकोपुढे ठेवायचो. ती नागपूरला भूगोल शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर आली, तिला कामाची परवानगी नव्हती. काम मात्र तीच करत होती.

एका रविवारी अंटार्क्टिकाचे फोटो बघताना ती म्हणाली, "अहो, हे एक शिखर नाही, दोन आहेत. मधली खिंड सावलीत गेलीय."

जुन्या नकाशात एकच होतं. मी खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने यंत्र माझ्याकडे सरकवलं. "मग तुम्ही बघा."

मला काय दिसणार होतं? सोमवारी मी तिची मापं माझ्या अक्षरात उतरवली. नकाशा बदलला. बढती मला मिळाली.

यंदा माइक हातात येताच मी सांगितलं, "हे काम माझं नाही, हिचं आहे."

टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "काका किती हंबल आहेत यार. काकूंच्या सपोर्टसाठीपण एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या." तिला एक गुलाब दिला.

सपोर्ट कसला? सत्कारात बायकोला श्रेय द्यायची आपल्याकडे रीतच आहे. त्या रीतीत खरं बोललेलंही विनय म्हणून खपतं, आणि तिची पुन्हा गुलाबावर बोळवण होते.

गाडीत मी धुमसत होतो. ती म्हणाली, "त्यांच्यावर कशाला तापताय? डोळ्याचं सांगायचं तुम्हीच गिळलंत."

म्हणून मंडळाच्या अंकासाठी हे लिहून देतो आहे. याला 'पत्नीची साथ' असा मथळा देऊ नका. डाव्या डोळ्याचं वाक्य कापू नका. ती दोन शिखरं तिने पाहिली. मला तो फोटो आजही सपाटच दिसतो.