कच्च्या गाठीची मांजरे

गल्लीत त्यांना सगळे शिवणवाल्या आजी म्हणत. उभा जन्म मशीनवर गेल्यामुळे समोर आलेला माणूस त्यांना आधी छाती-कंबर म्हणून दिसे, नाव मागाहून. संध्याकाळी मशीन झाकून त्या मागच्या जिन्यापाशी दुधाची परात ठेवत, आणि गच्चीवरून, गाड्यांखालून मांजरे जमत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे खपत नव्हते. "शंभर मांजरं आहेत, शंभर! पंचविसापर्यंत चालवून घेऊ. वर एक निघालं, तर सगळी गाडीत घालून गावाबाहेर!"

आजींनी घरी येऊन हे सुनेला सांगितले. सून कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिने विचारले, "आई, मोजायच्या आधी तुम्हाला काय वाटतं?"

"डझनाच्या वर, विसाच्या आत."

"मग हा आपला आधीचा अंदाज. तो टाकायचा नाही. मोजणी सरकवेल तेवढंच सरकायचं. आज येतील त्यांना फिती बांधू. उद्या फीतवाली जितकी कमी, तितकी आपण न पाहिलेली जास्त."

आजींनी आठ मांजरांना फिती बांधल्या. दुसऱ्या दिवशी दहा आली. फीत एकाच्याच गळ्यात.

"दहांत एकच फीतवालं, म्हणजे आपली आठ हा सगळ्यांचा दहावा भाग. या हिशेबानं ऐंशी होतात," सून पुटपुटली.

"मी काय म्हणत होतो?" वरच्या खिडकीतून सेक्रेटरी.

सुनेने परातीकडे पाहिले. "ऐंशी मांजरांना ही पुरली असती? मला तुमच्या अंदाजापेक्षा फितींचाच संशय येतोय. गाठ कशी मारलीत?"

आजींनी जीभ चावली. "कच्ची गं. गळ्याला काचू नये म्हणून. ओढलं की सुटते."

सून पायरीवर बसून पोट धरून हसली. मग आजींनी आठ मऊ इलॅस्टिकचे पट्टे शिवले आणि नव्याने खुणा केल्या. या वेळी दहा आली, त्यांत पाच पट्टेवाली.

"आठ पट्टेवाली आणि पाच बिनपट्ट्याची, म्हणजे तेरा तर आहेतच. तेरा ते वीस. निम्म्यांना पट्टे, म्हणून बहुधा सोळाच्या आसपास," सुनेने सेक्रेटरींना सांगितले.

"आसपास काय? नक्की सांगा!"

"नक्की कुणालाच माहीत नाही, काका. पण पंचविसाच्या वर असणं फार कठीण."

"बरं, राहू देत," सेक्रेटरी गुरगुरले.

आठवड्याने कपड्यांच्या टोपलीतून बारीक म्याव ऐकू आले. सेक्रेटरींनी शिवायला दिलेल्या पँटच्या कापडावर चार पिल्ले!

"आता गं?" आजी घाबरल्या.

"अंदाज चारनं सरकवायचा. सतरा ते चोवीस."

"म्हणजे बसतं मापात!" आजी टाळी वाजवून हसल्या. "त्यांना सांग, पँट मात्र लांबणार."