मास्तरांच्या पँटची उंची

मास्तरांनी वर्षभरात तिसरा टेप फेकून दिला. शिवणकामात चाळीस वर्षं गेली, कात्री कधी चुकली नाही. आणि आता स्वतःचीच पँट टाचेखाली लोळत होती. शिंप्याला पहिला संशय टेपचाच येतो. जुना टेप ताणला जातो, इंच मोठे होतात, कापड जास्त कापलं जातं. नाचता येईना अंगण वाकडं! ते गुपचूप पट्टी आत दुमडून तुरपाई घालत.

दमा जुना. विड्या आणि कापडाची धूळ यांनी मिळून छाती पोखरली होती. श्वास अडकला की मास्तर डॉक्टरांना न विचारता औषधांच्या दुकानातून पांढऱ्या गोळ्या आणत. दोन दिवसांत पुन्हा मशीनवर. बायको कॅल्शियमची गोळी घेऊ लागली की म्हणत, "हाडं बायकांची झिजतात गं. पुरुषांच्या झिजतात त्या चपला."

सोमवारी खोकताना त्यांची बरगडी मोडली. नुसत्या खोकल्याने!

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. "मणकेही दबलेत तीन. दमा, विड्या आणि या स्टिरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या, तिघांनी हाडं खाल्ली. आता मनाने घ्यायच्या नाहीत, मनाने बंदही करायच्या नाहीत. मला विचारायचं."

घरी बायकोने पँट उलटी केली. आत तुरपाईच्या तीन जुन्या रेषा, एकावर एक. तिने मापाची वही काढली. पहिल्या पानावर लग्नाच्या सुटासाठी घेतलेलं त्यांचं स्वतःचं माप होतं, उंचीसकट. त्यांना भिंतीला टेकवून तिने टेप लावला. उंची तीन इंच कमी. पाठ वाकून पोट पुढे आलं होतं, म्हणून पँट कमरेखाली घसरत होती.

"टेप खराब असेल," मास्तर म्हणाले.

"कालच आणलाय, अहो." तिला रडू आवरेना.

तेवढ्यात त्यांना धाप लागली. दम्याचा पंप दोनदा ओढला, काही उपयोग झाला नाही. प्रत्येक खोकल्याला बरगडीत सुरा फिरत होता. त्यांनी गोळ्यांसाठी कटिंगच्या टेबलाचा खण उघडला. तिने त्यांचा हात धरला.

"डॉक्टरांना फोन लावते. थांबा ना जरा."

"लाव... पण तोवर कशावर जगू?" मास्तरांचे डोळे भरून आले होते. इतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

तिने हात सोडला. फोन नुसताच वाजत राहिला. मास्तरांनी गोळी गिळली, टेबलाला टेकून उभे राहिले, आणि वही तिच्याकडे सरकवली.

"पुढची पँट... आणखी एक इंच कमी धर."