कूलरमागे ठेवलेलं वाय-फाय

मोबाइलवर अजून चेहरे दिसू लागले नव्हते, तेव्हाची गोष्ट. सून बाळंत झाली आणि ही सवा महिन्यासाठी म्हणून बंगलोरला गेली. सवा महिना बाळ-बाळंतिणीचं करायचं आणि आपल्या घरी परतायचं, अशी आमच्याकडची रीत. सवा महिना झाला. मग बाळाचं जावळ झालं, मग सुनेची रजा संपली, मग बाळ रांगायला लागलं. बाळं काय, थांबतात थोडीच! मी बोरगाव मेघेतल्या घरात एकटा. सकाळी स्वतःचा चहा स्वतःच उतू घालवायचा, तो पुसायचा आणि वर्ध्यात जाऊन भांड्यांचं दुकान उघडायचं. दुकानाला कुलूप लावून तिकडेच जाऊन राहा, असं चार लोक सांगायचे. सांगायला लोकांचं काय जातं? बापानं थाटलेलं दुकान होतं. आणि खरं सांगायचं तर बंगलोरला जाऊन मी दिवसभर करणार काय होतो?

दिवाळीत मुलगा आला. त्यानं आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि बैठकीतल्या फोनच्या तारेला एक पांढरी डबी जोडली. "बाबा, आता वायर-बियरची भानगड नाई. लॅपटॉप उचला अन् घरभर फिरा. आईले सारं घर दाखवा," म्हणाला.

हिवाळाभर माझे रविवार चांगले गेले. लॅपटॉप हातावर घेऊन मी हिला तुळस दाखवायचो, लोणच्याची बरणी दाखवायचो. ओट्यावरचे डाग तिला तिथून दिसायचे आणि ती तिथून बोलणी ऐकवायची. घरात कुणीतरी रागावणारं आहे, याचं केवढं बरं वाटायचं मला! आठवडाभर घरात माझा स्वतःचाच काय तो आवाज, आणि तोही मला फारसा आवडत नाही.

एप्रिल लागला आणि चित्र बिघडलं. हिचा चेहरा यायचा, त्याचे चौकोन चौकोन व्हायचे आणि उघड्या तोंडानं ती तशीच अडकून बसायची. आवाज मागून यायचा, तोही तुकड्यांत. "अहो... भाकर कोन... राह्यलं?" मधल्या जागा मी आपल्या मनानं भरायचो. तिकडून तिचीही तीच तक्रार, "तुमी तं पुतळ्यावानी बसले. हालूनच नाई राह्यले."

मला दर रविवारी एकच गोष्ट विचारायची असायची: तिकीट कवाचं काढू? आठवडाभर धीर गोळा करून मी विचारायचो आणि नेमकं तिथंच सगळं अडकायचं. मग चित्र हलायचं तेव्हा बाळाला खोकला झालेला असायचा, नाहीतर दारावर कुणी आलेलं असायचं. पुन्हा विचारायला माझी जीभ उचलायची नाही. नेटनं प्रश्न गिळला, असं म्हणून मी पुढच्या रविवारची वाट बघायचो.

पण मी हट्टी माणूस. मुलगा फोनवरून सांगेल ते सगळं केलं. डबी बंद करून चालू केली. लॅपटॉपमधल्या नको त्या खिडक्या बंद केल्या. शेजाऱ्यांचं वाय-फाय आड येत असेल म्हणून चॅनेल बदला म्हणाला, तेही आकडे वाचत वाचत बदललं. "बाबा, जवळपास मायक्रोवेव्ह आहे का?" असंही त्यानं विचारलं. बापाच्या घरात काय आहे हे पोराला ठाऊक नसावं, याचा रागच आला मला. शेवटी टेलिफोनवाल्यांकडे तक्रार केली. लाइनमन आला, तार तपासली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "लाइन तं चांगली आहे काका. घरातच काई अडत असन." घरात आहेच कोण अडायला, असं मी त्याला ऐकवलं.

त्या रविवारीही तेच सुरू होतं. ऊन सकाळीच तापलेलं. मी आतल्या खोलीत कूलरसमोर बसलो होतो आणि ही तुकड्यातुकड्यांत विचारत होती, "कूलरमंदी... पानी... टाकलं का?" टाकलं नव्हतं. "थांब, टाकतो," म्हणून मी एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन मागच्या ओसरीत गेलो. आमचा कूलर ओसरीच्या दारात बसवलेला, तोंड आत, पाठ ओसरीकडे. लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि टाकीत पाणी ओतू लागलो, तर मागून स्वच्छ आवाज आला, "अहो, बाहेर सांडून राह्यलं सारं!"

वळून बघतो तर चित्र धडधाकट.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्याची म्हणून काळजी, ते कूलरजवळ जातं: भाजीची टोपली, औषधाची बाटली, आलेला पाहुणा. एप्रिलमध्ये ती डबी हाताला चटका देण्याइतकी तापली होती. हिच्याशी बोलायचं तेवढं एकच साधन, ते जळून जायचं, म्हणून मीच फोनची तार लांबवून डबीला ओसरीत आणलं होतं आणि कूलरमागच्या कोनाड्यात, वाळ्याच्या ओल्या ताट्यांच्या गारव्याला ठेवलं होतं. म्हणजे डबी ओसरीत, मी खोलीत आणि मध्ये टाकीभर पाणी आणि कूलरचा सगळा पत्रा. वाय-फाय येणार कुठून!

"दिसली वो! साफ दिसून राह्यली!" मी ओरडलो. ती हसली. हसताना अडकली नाही.

मग मी तिला नीट पाहिलं. इतके दिवस ज्याला मी हिचं लुगडं समजत होतो तो पंजाबी ड्रेस होता. आमच्या घरात तिनं तो कधी घातला नव्हता. चष्मा नवा होता. चेहरा भरला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. छान दिसत होती ती. मला आनंद झाला.

"मंग, तिकीट कवाचं काढू?" मी विचारलं.

तिच्या मागे पंखा फिरत होता. खिडकीचा पडदा हलत होता. नातू रांगत आला, तिच्या ओढणीचं टोक धरून उभा राहिला, धपकन बसला आणि पुन्हा उभा राहिला. फक्त तीच बसून होती, खाली बघत.

"ऐकू आलं का?" मी म्हणालो.

"आलं ना."

मीच म्हणालो, "अडकलं वाटते पुन्हा."

तिनं मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी तिला लख्ख दिसत होतो, हे मला दिसत होतं.

"हो," ती म्हणाली, "अडकलं वाटते."

मी लॅपटॉपचं झाकण लावलं.