सासू, जावई आणि मधला कुत्रा

एउलालियाची बोली जगात दोनच माणसांना येत होती. एक ती स्वतः, दुसरा तिचा जावई मेलितोन. नदीकाठच्या बाकीच्या गावानं कधीच स्पॅनिश धरली होती. मग दोघांनी गप्पा हाणायला हरकत काय? पण सासू जावयाशी थेट बोलली की तिचे दात पडतात, असा त्यांच्यातला जुना समज. एउलालियाचे तीनच उरले होते आणि दारू आंबवायला युकाचे कंद चावून मडक्यात थुंकायचे, तर तेवढे हवेतच.

म्हणून बोलणं व्हायचं कुत्र्यामार्फत. दोघं पाठमोरी बसायची, मधे म्हातारा पिंतो.

"पिंतो, जावईबापूंना विचार, मासे धरायला गेले होते की झोपायला?"

"पिंतो, म्हातारीला सांग, मासे तिचा आवाज ऐकून पळाले."

लेक वारली, तरी हे थांबलं नाही. मग पिंतो मेला आणि घर गप्प झालं. पाचव्या दिवशी नात नेलिदा म्हणाली, "आजी, बाबा शनिवारच्या लाँचनं दादाकडे शहरात निघालेत. म्हणतात, इथं आपल्या बोलीत बोलायला आहे कोण?"

तो गेला तर एउलालियानं तरी कुणाशी बोलायचं?

"बाबांशी थेट बोलून टाक की! तीनच तर दात."

"तीन आहेत म्हणूनच जपते. तीस असते तर दोन उधळले असते."

"मग कोंबडीमार्फत बोल."

"कोंबडीच्या पोटात काही राहतं का? गावभर करेल!"

शुक्रवारी नेलिदानं लाकूड गिरणीवरचं, स्पॅनिश ऐकत वाढलेलं एक पिल्लू आणलं. एउलालियानं त्याला आपल्या बोलीत 'बस' म्हटलं. ते तिचा अंगठा चावत राहिलं. ती ओरडली. ते आणखी चावलं.

आपलं जाळं न्यायला आलेला मेलितोन खांबाआड पाठ फिरवून उभा होता. त्याला राहवेना. "ए पिल्ला, म्हातारीला सांग, आधी माशाचं डोकं दाखव म्हणावं."

"पिल्ला, जावईबापूंना सांग, एवढं कळतंय तर स्वतः शिकवा. उद्या जायचं असेल तर राहू दे."

मेलितोननं उचललेलं जाळं पुन्हा खांबाला टांगलं.

"सांग तिला, कुत्रं एका दिवसात शिकत नसतं."

शनिवारची लाँच त्याच्याविना गेली. पुढची सहा वर्षं दोघं त्या कुत्र्याच्या शिकवणीवरून भांडली. मग मेलितोन अंथरुणाला खिळला आणि गेला. अखेरच्या दुपारी एउलालिया त्याच्यापाशी होती. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात दोनच दात होते.

ती त्याला काय म्हणाली, यावर गावात अजून पैजा लागतात. ऐकलं फक्त कुत्र्यानं, आणि तो स्पॅनिश कधीच विसरलाय.