पिंपळनेर शेवटी

धाकट्या भावाच्या लग्नात कोणाकोणाला बोलवायचं, त्याची यादी आबांनी एका वहीत लिहून काढली होती. आबा म्हणजे आमचे वडील. ती यादी वाचून मला हसू आवरेना. पहिलं घर पिंपळनेरचं, म्हणजे आमच्या फैजपूरपासून पार दुसऱ्या टोकाला. दुसरं आमच्याच गल्लीतलं. तिसरं धुळ्याचं, चौथं पुन्हा फैजपूरचं, मग रावेर, मग भुसावळ, मग परत धुळे. या क्रमाने पत्रिका वाटायला निघालो असतो तर नवी नवरी पहिल्या सणाला माहेरी गेली असती, तरी आमची गाडी रस्त्यावरच असती.

एरवी हे काम आबा स्वतः करत. आता त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पत्रिकेला आमच्याकडे कोणी पत्रिका म्हणत नाही. दारात जायचं, पाणी प्यायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि पत्रिका हातात द्यायची. त्यामुळे गाडी चालवायला भाऊ आणि यादी सांभाळायला मी, असं ठरलं. आबांचा फोनही मी घेतला, कारण सगळ्या पाहुण्यांचे नंबर त्यात होते. आबा म्हणाले, यादीत आहे तसंच जा. मी हो म्हटलं आणि वही घेऊन लॅपटॉपसमोर बसले.

पुण्याच्या एका कंपनीचं प्रोग्रामिंग मी फैजपूरच्या घरातूनच करते, आणि माझं निम्मं काम हेच असतं. माहिती येते ती सपाट यादीच्या रूपात, एकाखाली एक ओळी. मला ती हवी असते नेस्टेड मॅपमध्ये, म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी डबी, अशी. जिल्ह्याच्या डब्यात तालुके, तालुक्यात गावं, गावात गल्ल्या, गल्लीत घरं. आम्ही ज्या पद्धतीने लिहितो तिच्यात मूळ यादीला हात लावत नाहीत. एक रिकामा मॅप घ्यायचा, यादीतली एकेक ओळ उचलायची, तिच्या डब्याचा रस्ता शोधायचा, डबा नसेल तर नवा करायचा आणि ओळ आत ठेवायची. शेवटची ओळ संपली की सगळी रचना आपोआप उभी राहते. दहा-बारा ओळींचा कोड, पण तो चालताना बघायला मला अजूनही आवडतं.

वहीतली घरं टाइप करायला सकाळ गेली, रचायला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागला नाही. फैजपूरची वहीभर विखुरलेली घरं गल्लीवार एकत्र आली. यावल, रावेर, भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री असा पाच दिवसांचा सरळ रस्ता तयार झाला. पिंपळनेर शेवटी. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि भावाला म्हटलं, बघ, याला म्हणतात डोकं. त्याने डिझेल किती वाचेल एवढंच विचारलं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. असा मॅप यादीचा क्रम लक्षात ठेवत नाही. कोण आधी होतं आणि कोण नंतर, हे त्याला माहीत नसतं. हाताखाली नवीन आलेल्या मुलांना मी हे तोंड गंभीर करून सांगते, की क्रमाला अर्थ असेल तर प्रत्येक ओळीला आधी नंबर द्या, नाहीतर तो गेलाच म्हणून समजा. आबांच्या यादीला मी नंबर दिले नाहीत. त्या क्रमाला काही अर्थ असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. रोज संध्याकाळी आईच्या फोनवरून आबा विचारत, आज कुठे कुठे झालं. मी सांगे, यावल संपलं, रावेर संपलं. ते विचारत, पिंपळनेर? मी म्हणे, ते शेवटी, रस्त्यातच आहे ना. मग ते फोन आईकडे देत. मी ती पसंती समजले.

पिंपळनेरला आमची फुई असते, आबांची थोरली बहीण, त्यांची अक्का. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा फुईने चौथीत शाळा सोडली आणि दोन वर्षांच्या आबांना कडेवर घेतलं. तिच्या लग्नात आबा तिच्या पदराला धरून सासरपर्यंत गेले होते, हे घरात सगळे हसत सांगतात. चाळीस-पन्नास वर्षं तिकडे राहून तिची बोली पार अहिराणी झाली. आबा मात्र अजून तिला फोन करून विचारल्याशिवाय बैल विकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी भुसावळला असताना आबांच्या फोनवर फुईचा फोन आला. तिला कोणाकडून तरी कळलं होतं की पत्रिका निघाल्या. माझा भाऊ कुठे आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, घरी, झोपले असतील, आम्ही येतोच आहोत तुझ्याकडे. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. मी एका दारात उभी होते, म्हणून कापला. नंतर लावायचा राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही पिंपळनेरला पोचलो. फुईने पाणी दिलं, चहा ठेवला. पत्रिका पुढे केली तर म्हणाली, ठेव तिथे स्टुलावर. माझा भाऊ बरा आहे ना, तिने तीनदा विचारलं आणि तीनही वेळा मी गुडघ्याचं सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. जेवून जा असंसुद्धा म्हणाली नाही. फुईच्या घरून न जेवता मी तेव्हा पहिल्यांदा निघाले. गाडीत भाऊ म्हणाला, ताई, ती रागावली आहे, लग्नाला येणार नाही. मी म्हटलं, एवढं काय, कोणीतरी शेवटी असणारच.

घरी आबांनी एकच प्रश्न विचारला. "तिनं पत्रिका हातात घेतली का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "मले पिंपळनेरले घेऊन चाल." डॉक्टरांचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आबा मागच्या सीटवर पाय लांब करून, मी पुढे. धुळे ओलांडलं. मग मी मागे वळून त्यांना मॅप, डबे, क्रम, सगळं समजावून सांगितलं आणि चूक माझी आहे असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, देवाला पत्रिका ठेवली की लगेच अक्काचं घर, हे तुला सांगावं लागेल असं मला वाटलं नाही. मला इतकी लाज वाटली की पिंपळनेर येईपर्यंत मी समोरच्या काचेबाहेर बघत राहिले. फुईची माफी कशी मागायची ती वाक्यं जुळवत होते.

फुई ओट्यावर गहू निवडत होती. गाडी थांबली, भावाने दार उघडलं, आबा काठी टेकत उतरले. ती उठली नाही. तिच्या हातातलं सूप कलतं झालं आणि गहू ओट्यावर सांडले. आबा लंगडत तिच्यापर्यंत गेले, अक्का म्हणाले आणि खिशातून पत्रिका काढली. मी माफीचं पहिलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण फुई माझ्याकडे बघतच नव्हती.

तिने आबांचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग हात. "पत्रिका बठ्ठासले गयी, माले नही उनी," ती म्हणाली. "फोन तुना, अन बोलस पोर. माले वाटनं, यादी करनारा तू आते ऱ्हायना नही, अन ह्या पोरं मनापाईन लपाडी ऱ्हायनात."

म्हणजे ती रागावलेली नव्हती. पत्रिका सगळ्यांना गेली पण तिला आली नाही, आबांच्या फोनवर मी बोलले, म्हणून तिला वाटलं की यादी करणारा आता राहिला नाही आणि आम्ही पोरं ते तिच्यापासून लपवतोय. तीन दिवस ती आपला भाऊ गेला असं समजून एकटी बसली होती. मी समोर चहा पीत होते तेव्हाही ती तेच समजत होती आणि लग्नघराला विघ्न नको म्हणून तोंडातून शब्द काढत नव्हती.

आबांनी पत्रिका तिच्या हातात दिली. तिने ती उघडूनसुद्धा पाहिली नाही. कमरेला खोचली आणि जेवायची पानं वाढेपर्यंत आबांचं मनगट सोडलं नाही.