भैरवनाथाचं शहाळं

देवावर माझा विश्वास होता, पण देवाने माझ्या म्हणण्याप्रमाणे वागावं अशी अपेक्षाही होती. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. गावी, अंथुर्ण्याला, उसाला पाणी द्यायला दारं धरताना आमच्या मालकांना घोणस चावली. बारामतीत लस टोचली, जीव वाचला, पण लघवी बंद झाली. किडन्यांनी काम सोडलं म्हणून पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. ज्या भैरवनाथाच्या पायऱ्या मी रोज झाडते, त्याने हे होऊ दिलंच कसं, या विचाराने मी धुमसत होते. अतिदक्षता विभागात मालकांच्या मानेतल्या नळीतून रक्त एका यंत्रात जायचं आणि गाळून परत अंगात यायचं. दिवसरात्र तेच, आणि इतकं संथ की मला वाटायचं, यंत्रच जुनाट आहे. बाकीच्यांना काही तासांत मोकळं करतात, मग आमचेच का ताटकळलेत? डॉक्टरांनी समजावलं, "ह्यांचं ब्लडप्रेशर फार खाली आहे. घाण आणि पाणी एकदम ओढलं तर हृदयाला झेपणार नाही. म्हणून थोडं थोडं, पण न थांबता." मी मान डोलावली. पटलं काही नाही.

बाहेर बाकावर भिगवणची एक मावशी बसायची. तिचा भाऊ आत तसल्याच यंत्रावर होता. ती मासे विकणारी, आणि मी घरात अंडंही न शिजवणारी. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावून जरा लांब सरकले. तिने ते पाहिलं आणि मुद्दाम आणखी जवळ येऊन बसली.

रविवारी दीर गावाहून शहाळं घेऊन आले. आमच्याकडे रीत आहे, आजाऱ्यासाठी नाथापुढे शहाळं ठेवायचं आणि त्याचं पाणी थेंबही न सांडता आजाऱ्यानेच प्यायचं. मालक शुद्धीवर होते. ओठ फुटले होते, सारखं पाणी पाणी करायचे. मी शहाळ्याचं पाणी बाटलीत ओतलं, पदराखाली धरलं आणि भेटायची वेळ होताच उठले.

मावशीने माझं मनगटच धरलं. "शहाळ्याचं हाय न्हवं? आत न्हेऊ नका, ताई."

"देवाचं हाय ते!" मी भडकले.

"असंल देवाचं. पर माझ्या भावाला डॉक्टरनी सक्त मनाई केलीया. त्यात कसला क्षार असतोय, किडनी बंद असली की तो रगतात साचतोय. काळीजच थांबतंय म्हणं. इच्चारा हवं तर."

तणतणत मी डॉक्टरांकडे गेले. बाटली पाहताच ते घाबरून ओरडले आणि त्यांनी ती तशीच बाहेर न्यायला लावली. बाकावर परत येऊन मी ढसाढसा रडले. मालक आत तहानलेले, आणि नाथाचं पाणी वाया जाणार.

"मग तुमी प्या की," मावशी म्हणाली. "सकाळधरनं उपाशी हायसा. नवरा-बायकू काय येगळी असत्यात व्हय?"

रिकाम्या पोटी एकदम सोसेना, म्हणून मी घोट घोट प्याले. पिता पिता मालक आठवले. उसातली सरी, म्हणजे पाण्याचा चर, कच्ची असली की ते पाणी बारीक सोडायचे. मी बांधावरून ओरडायची, "सोडा की सगळं, कवा उरकायचं?" ते म्हणायचे, "सरी फुटंल." आतही कुणीतरी तसंच बारीक दारं धरून होतं, आणि मी बाहेरून ओरडत होते. मला यंत्र समजलं, आणि थोडा देवही. "नाथा, तुझ्या चालीनं होऊ दे," मी मनात म्हणाले आणि कित्येक दिवसांनी बसल्या जागी झोपले.

हळूहळू ब्लडप्रेशर सुधारलं, यंत्र निघालं. एका दुपारी सिस्टर दारातून ओरडली, "लघवी सुरू झाली!" चारचौघांत हा शब्द ऐकून आनंदाने रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं. मावशीने टाळ्या वाजवल्या. पुढे तिचा भाऊही सावरला.

मालक हिंडू-फिरू लागल्यावर मी भिगवणला गेले आणि मावशीच्या पाटीपुढे वाकले. "माझ्यासाठी तुमीच नाथाचं रूप."

ती खो खो हसली. "मी नाथ असते तर मासं विकत बसले असते व्हय? उठा, लुगड्याला वास लागंल."

मी उठले नाही. तिच्या शेजारी पोत्यावर बसून चहा घेतला, पोटभर गप्पा मारल्या. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, पदर नाकाला लावायचं विसरूनच गेले होते.